पेरणी यंत्राच्या चाकाचे फेरे : सोयाबीन कॅलिब्रेशनच्या नोंदी

१२ मे

ह्या वर्षी वही लिहायचीच असं ठरवलंय, कारण एकराला ठरलेलं बी पडावं म्हणून गेल्या वर्षी पेरणी यंत्राचं काय सेटिंग ठेवलं होतं ते कुणालाच आठवत नाही. दादा म्हणतो पाचव्या खाचेवर, अण्णा म्हणतात सहाव्या, आणि रान म्हणतं दोघंही चूक. चार एकराचं सोयाबीन असं विरळ उगवलं होतं की रोप न मोडता बैल आडवा गेला असता.

यंत्र ट्रॅक्टरचं, पाच फणी, सेकंडहँड घेतलेलं. पेटीवर पत्र्याचा तक्ता आहे, कुठल्या खाचेला एकरी किती किलो पडतं त्याचा, अर्धा गंजलेला पण सोयाबीनची ओळ वाचता येते. गेल्या वर्षी त्याच तक्त्यावर विश्वास ठेवला. आज चाकाखाली वाकून बघितलं तर रिमवरच्या वेल्डिंगचा रंग वेगळा, म्हणजे आधीच्या मालकानं मूळ चाक काढून गावातल्याच वेल्डरकडून दुसरं बसवून घेतलेलं. ह्या यंत्रात बी पाडणारे रोलर चैनीनं ह्याच चाकावर फिरतात. चाक बदललं की एकरात चाक किती वेळा फिरणार ते बदललं, मग तक्ता काय कामाचा? मूळ चाक लहान असणार, हे मोठं, म्हणून फेरे कमी, बी कमी. माझा अंदाज हाच आहे, आता मोजून बघायचं.

१४ मे

लातूरहून वर्कशॉप सुटल्यावर घरी यायला सात वाजतात, त्यामुळं आज बॅटरीच्या उजेडात काम. टेप घेऊन पुतणी, बॅटरी धरायला वहिनी.

चाकाचा रिम आरपार ४६ सेंमी. त्यावर बारा पात्या उभ्या वेल्ड केलेल्या, प्रत्येक ३ सेंमी उंच, म्हणजे पातीच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत ५२ सेंमी. आता परीघ कुठला धरायचा? रिमचा धरला तर १४४.५ सेंमी येतो, टोकांचा धरला तर १६३.४. फरक जवळजवळ १९ सेंमीचा, एका फेऱ्याला! पात्या मातीत घुसतात म्हणून खरा आकडा मधे कुठंतरी असेल असं वाटतं. सध्या टोकांचा धरून चालतो, नंतर रानात बघू.

१७ मे

कागदावरचं गणित. एकर म्हणजे ४० गुंठे, ४०४७ चौरस मीटर. चाक एकदा फिरलं की यंत्र एक परीघ पुढं जातं, आणि तेवढ्यात परीघ गुणिले यंत्राची रुंदी एवढं रान पेरून होतं. रुंदी टेपनं पहिल्या फणापासून पाचव्या फणापर्यंत मोजली, १.८० मीटर. १.६३४ × १.८० = २.९४ चौमी. ४०४७ ला २.९४ नं भागलं की १३७६ फेरे एकराला. एवढे फेरे हातानं कोण मारणार, म्हणून दहावा हिस्सा घेतला, चार गुंठे, १३८ फेरे.

एकरी २६ किलो टाकायचंय, म्हणजे १३८ फेऱ्यात २ किलो ६०० ग्रॅम पडायला पाहिजे. (शिफारस हेक्टरी ७५ किलो होती, उगवण ७० टक्क्यांच्या वर असेल तर आता ६५ किलो पण सांगतात, एकराला २६ तिथूनच आले.) यंत्र जॅकवर उचललं, पाचही नळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, चाकाच्या एका पातीला वहिनीच्या जुन्या साडीची लाल पट्टी बांधली, म्हणजे मोजायला सोपं. दादा फिरवतोय, पुतणी मोठ्यानं मोजतेय, मधेच शेजारचे काका आले आणि काय चाललंय विचारलं आणि आमचा आकडा चुकला, परत पहिल्यापासून. तीन वेळा खाच बदलून शेवटी २ किलो ६१० ग्रॅम आले. खूश. झालं काम असं वाटलं.

(झालं नव्हतं. २७ मे बघा.)

२० मे

आज चाक प्रत्यक्ष चालवून परीघ काढला. आधी घरापुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर. लाल पट्टी खाली आली की खडूनं रेघ, मग दहा फेरे, परत रेघ. १६ मीटर १५ सेंमी. म्हणजे एका फेऱ्याला १६१.५. पण टोकांच्या मापानं १६३.४ यायला पाहिजे होते. टेप परत लावला, तेवढेच. मी म्हणलं खडू जाड आहे, सोड.

पुतणी नववीत आहे, ती चाकाकडं बघत बसली आणि म्हणाली, काका हे गोल कुठंय, हे तर बारा कोनांचं आहे. बरोबर की! कडक रस्त्यावर रिम टेकतच नाही, चाक एका पातीच्या टोकावरून दुसऱ्या पातीच्या टोकावर असं पावलं टाकत जातं. दोन टोकांतलं सरळ अंतर टेपनं मोजलं, साडेतेराला किंचित कमी. बारा पावलं म्हणजे १६१.५ च्या आसपास. गोलाचा परीघ २२/७ नं काढला तर ह्या चाकाला तो लागूच होत नाही. मी बारा वर्षं लेथवर काम करतोय आणि हे मला दिसलं नाही.

मग वखरलेल्या रानात नेलं. दहा फेऱ्यांना १६ मीटर ८० सेंमी. इथं उलटंच झालं, मला वाटलेलं पात्या रुततील आणि अंतर कमी भरेल, पण मोकळ्या मातीत चाक थोडं घसटतं, म्हणजे न फिरता ओढलं जातं, त्यामुळं एका फेऱ्यात जास्त अंतर तुटतं. तीनदा केलं : १६.७०, १६.८०, १६.९०. मधला धरला. आजपासून आमच्या चाकाचा परीघ १.६८ मीटर, मग टेप काहीही म्हणो.

नव्या परिघानं चार गुंठ्याला १३४ फेरे येतात. चारच फेऱ्यांचा फरक, म्हणून खाच बदलली नाही.

२५ मे

आज वेग. ३० मीटरवर दोन काठ्या रोवल्या, दादाला म्हणलं पेरताना चालवतोस तसंच चालव, उगाच माझ्यासाठी हळू नको. लो सेकंड गिअर, २७ सेकंद. ३० भागिले २७ म्हणजे सेकंदाला १.११ मीटर, तासाला ४ किलोमीटर. बरोबर ४ येईल असं वाटलं नव्हतं.

आता चाक मिनिटाला किती वेळा फिरेल?

फेरे = वेग × वेळ ÷ परीघ

इथं सगळे एकदा तरी पडतात, मी पण पडलो. ४ गुणिले १ मिनिट भागिले १.६८ केलं आणि मिनिटाला २.४ फेरे आले. एवढं हळू तर रस्त्यावरचं रोड रोलर पण चालत नाही. वेग किलोमीटरमधे, परीघ मीटरमधे, वेग तासाचा, वेळ मिनिटाची, सगळी खिचडी. आधी वेग मीटर-मिनिटात आणायचा : ४००० भागिले ६०, ६६.७. मग ६६.७ ÷ १.६८ = ३९.७. मिनिटाला चाळीस.

पडताळणीला पुतणी बांधावर फोन घेऊन उभी राहिली, लाल पट्टीचा एक मिनिटाचा व्हिडिओ, रात्री स्लो करून मोजलं. ३९. एक फेरा कुठं गेला ते शोधत बसलो नाही.

आज अण्णांशी मोठा वाद. विषय : ट्रॅक्टर जोरात चालवला की बी पातळ पडतं का. अण्णा म्हणाले पडणारच, चाळीस वर्षं पेरतोय, बैलं चालायला लागली की बी पातळ. मी म्हणलं अण्णा चाक जेवढं अंतर जाईल तेवढंच फिरणार, जोरात गेलं तर मिनिटाला फेरे जास्त पण एकराला फेरे तेवढेच. चार किलोमीटरनं गेलो तर १.६८ मीटरला एक फेरा, सहानं गेलो तरी १.६८ मीटरलाच एक. वेग वाढला की वेळ कमी होते, गुणाकार तोच राहतो. अण्णांना पटेना. दादा हसतोय. मला वाटलं अण्णांना गणित कळत नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं की अण्णा तिफणीबद्दल, बैलं ओढतात त्या पेरणीच्या अवजाराबद्दल, बोलत होते. तिफणीवर आई चाड्यावर (बी सोडायच्या लाकडी वाटीवर) मूठ धरायची, आणि मूठ चाकावर नाही, हातावर चालते. हाताची लय एकसारखी, सेकंदाला अमुक दाणे. बैल जोरात चालला की तेवढेच दाणे जास्त लांबीवर पसरणार, पातळ पडणारच. तिफणीत बी वेळेला बांधलेलं आणि यंत्रात अंतराला. अण्णांचं चाळीस वर्षांचं गणित शंभर टक्के बरोबर आहे, फक्त ह्या यंत्राचं नाही. सकाळी चहाला सांगितलं तर म्हणाले, मग मी काय वेगळं म्हणत होतो.

२७ मे

आज सगळं उघडं पडलं. खात्री म्हणून बी न टाकता चार गुंठ्याचा तुकडा पेरून बघायचा होता, नुसते फेरे मोजायला. ४५ मीटर लांब, ९ मीटर रुंद, चुन्यानं आखला. ४०५ चौमी, म्हणजे चार गुंठेच. हिशेबानं १३४ फेरे आणि ९ भागिले १.८ म्हणजे पाच खेपा.

दादानं चार खेपा मारल्या आणि रान संपलं. फणाच्या रेघा अगदी नीट, दोन खेपांमधलं अंतर पण ४५ सेंमी, कुठं जागा सुटलेली नाही. फेरे किती, तर १०६. मी दादाला म्हणलं तू कुठंतरी रुंद घेतलंस, दादा म्हणाला माप तू घेतलंस.

बांधावर बसून काडीनं मातीत पाच रेघा ओढल्या. पाच रेघांमधे जागा चारच असतात. मी फणापासून फणापर्यंत मोजलं म्हणजे चार जागा, ४ × ४५ = १८०. पण पुढची खेप येते तेव्हा शेवटच्या फणापासून परत ४५ सोडून येते, ती पाचवी जागा ह्याच खेपेच्या नावावर पाहिजे. यंत्राची रुंदी १.८० नाही, २.२५. कुंपणाचे खांब मोजायचे की खांबांमधलं अंतर, शाळेतला तोच घोळ, आणि मी त्यात आंधळ्यासारखा पडलो.

आता खरं गणित : १.६८ × २.२५ = ३.७८ चौमी एका फेऱ्याला. एकराला १०७१ फेरे. चार गुंठ्याला १०७. दादाचे १०६ आले होते. एका गुंठ्याला पावणेसत्तावीस, हा आकडा पेटीवर ऑइल पेंटनं लिहून टाकला.

१७ तारखेच्या सेटिंगवर पेरलं असतं तर? तेव्हा १३८ फेऱ्यात २.६१ किलो पाडत होतो, म्हणजे फेऱ्याला १८.९ ग्रॅम. गुणिले १०७१ = सव्वावीस किलो. २६ च्या जागी सव्वावीस, आणि मी वहीत लिहून ठेवलं होतं की काम झालं.

अजून एक मेळ बसवून बघितला, मजा वाटली म्हणून. एका एकराची एकूण लांबी ४०४७ ÷ २.२५, १७९९ मीटर. मिनिटाला ६६.७ मीटरनं २७ मिनिटं. आणि १०७१ फेरे मिनिटाला ३९.७ नं, तेही २७ मिनिटं. खरं तर वळणं धरून एकराला पाऊण तास जाणार, पण वळताना यंत्र उचललेलं असतं, चाक थांबतं, बी पण थांबतं. निदान थांबायला पाहिजे, दादाला लिव्हर उशिरा उचलायची सवय आहे, म्हणून बांधाकडेला झुडपासारखं दाट उगवतं.

२८ मे

परत जॅक, परत पिशव्या. ह्या वेळी बीजप्रक्रिया केलेलं बी वापरलं, कारण औषध चोळलं की दाणा खरखरीत होतो आणि घसरतो कमी, कोऱ्या बियाण्यावर केलेलं सेटिंग पुढं जुळत नाही. हे मला वर्कशॉपमधल्या एका औशाच्या माणसानं सांगितलं.

पहिल्यांदा दादानं जोर लावून फिरवलं. १०७ फेरे, १ मिनिट १० सेकंद. पडलं २ किलो ४१०. मग मी म्हणलं थांब, हिशेब कर, मिनिटाला ९२ फेरे म्हणजे ट्रॅक्टर ताशी सव्वानऊ किलोमीटरनं पळतोय, असं कोण पेरतं? फोनवर मेट्रोनोमचं ॲप लावलं, मिनिटाला चाळीस टोले. टोला पडला की लाल पट्टी खाली. १०७ फेऱ्यांना २ मिनिटं ४० सेकंद, दादाला झोप यायला लागली. पडलं २ किलो ५८३.

सेटिंग तेच, फेरे तेवढेच, आणि पावणेदोनशे ग्रॅमचा फरक. रोलरच्या खाचेत दाणा बसायला क्षणभर लागतो, रोलर जोरात फिरला की खाच अर्धी भरून पुढं जाते. म्हणजे अण्णा इथंही थोडे बरोबर निघाले. एकराला फेरे वेगानं बदलत नाहीत, पण प्रत्येक फेऱ्यात पडणारं बी बदलतं. अजून त्यांना सांगितलं नाही.

पिशव्या वेगवेगळ्या तोलल्या : ५३०, ५२५, ५१८, ५४०, ४७०. पाचवी नळी मागं. पेटी उघडली तर त्या रोलरवरचा ब्रश झिजलेला. औशात मिळाला नाही, लातूरहून आणला, ४७० वरून पुढं ५१५ पर्यंत आलं. पुरे.

८ जून

मृग लागला, पाऊस नाही. गावात दोघांनी धूळपेरणी केली, म्हणजे पावसाआधीच कोरड्या रानात पेरलं. आपण थांबलोय, ७५ ते १०० मिलीमीटर झाल्याशिवाय सोयाबीनला हात लावायचा नाही. अंगणात सरळ भिंतीचा डबा ठेवलाय मोजायला, त्यात आज मुंग्या.

गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते, ७८ उगवले. हजार दाण्यांचं वजन १३० ग्रॅम. म्हणजे २६ किलोत दोन लाख दाणे. एकरात ओळींची लांबी ४०४७ ÷ ०.४५, जवळजवळ नऊ हजार मीटर. मीटरला २२ दाणे, उगवणार १७. हा आकडा लक्षात ठेवायचा.

१६ जून

तीन दिवसांत डब्यात ८२ मिमी. काल उघडीप, आज वाफसा, म्हणजे चिखल न होता पेरता येईल एवढीच ओल. सकाळी सहाला रानात, पहिलं काम परत दहा फेरे : १६.६०. ओल्या मातीत चाक जरा जास्त पकडतं. चार गुंठ्याला १०८ येतात, सोडून दिलं.

पहिले दोन एकर छान. मी मागं चालत नळ्या बघतोय, अण्णा पुढच्या बांधावर माती उकरून दाणा किती खोल गेला बघतायत, तीन-चार सेंमी, मान हलवतायत. पाचच्या खाली गेला तर सोयाबीन नीट वर येत नाही.

अकराला पश्चिमेकडं ढग भरून आले आणि दादाचा पाय जड झाला. लाल पट्टी मोजली : मिनिटाला ५५. उलटं गणित, ५५ × १.६८ = ९२.४ मीटर, तासाला साडेपाच किलोमीटर. ओरडलो, ऐकू जाईना, रुमाल हलवला. दादा थांबून म्हणाला तुझंच गणित, एकराला फेरे तेवढेच. आता काय बोलणार. म्हणलं बी तेवढं पडत नाही आणि फण उडतोय, दाणा वर राहतोय, बघ. अण्णा बांधावरून म्हणाले, मी सांगितलं होतं. बी पातळ पडतं.

तिसऱ्या एकरात खालच्या अंगाला चिखल. पात्यांमधे माती भरून चाक ढोबळं झालं, गाडीच्या टायरसारखं. परीघ वाढला म्हणजे फेरे कमी, बी कमी. दर दोन खेपांना थांबून खुरपीनं खरवडलं. ह्याचं गणित करायला वेळ नव्हता.

१७ जून

चौथा एकर सकाळी उरकला. ११० किलो घेतलं होतं, साडेसात उरलं. १०२.५ भागिले ४, एकरी २५.६. गेल्या वर्षी उरलेल्या बियाण्यानं अर्धी गोणी भरली होती.

२६ जून

उगवून वर आलं. पुतणीनं शाळेची मीटरपट्टी आणली, ओळीत आडवी ठेवायची आणि रोपं मोजायची. १७, १८, १६, १७, १९. दादानं ढग बघून पळवलेल्या पट्ट्यात १३, १४. चिखलाच्या अंगाला १२. बांधाकडेला, जिथं लिव्हर उशिरा उचललं, ३१.

आणि तिसऱ्या एकरात एक ओळ पन्नासेक मीटर पूर्ण कोरी. पाचवी नळी, तीच, नवीन ब्रशवाली. उकरून बघितलं, एकही दाणा नाही. घरी येऊन नळी सोडली तर आत खालच्या टोकाला वाळलेल्या मातीचं बोळं, अंगठ्याएवढं. चिखलात वळताना फण टेकला असणार, आणि मी तेव्हा नळ्या बघायचं सोडून लाल पट्टी मोजत होतो.

अण्णांनी टोपल्यात बी घेतलंय, उद्या सकाळी नांग्या भरायच्या, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जागी परत बी टोचायचं. हातानं, मीटरला किती ते त्यांनी मला विचारलं नाही.

रब्बीला हरभऱ्यासाठी परत करायचं. रोलर वेगळा लागेल का ते बघायचं, चाक तेच, फेरे तेच.